तीन पेन्सांचा कर आणि तेरा वसाहती

बंडांची कारणे सांगताना जुलमी करांचा उल्लेख हटकून केला जातो. करांचे ओझे वाढत गेले, रयत पिचली आणि अखेर तिने शस्त्र उचलले, असा हा नेहमीचा क्रम. उत्तर अमेरिकेतील तेरा ब्रिटिश वसाहतींनी १७७५ साली इंग्लंडच्या राजसत्तेशी जे युद्ध आरंभिले, त्याच्या मुळाशीही कर होते, हे शाळकरी विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. परंतु या करांचा तपशील पाहू लागले की अभ्यासकाला एक कोडे पडते. त्या काळी इंग्लंडमधील माणूस दरडोई जेवढा कर भरीत होता, त्याच्या मानाने बॉस्टन किंवा फिलाडेल्फियातील माणसाचा कर अगदीच किरकोळ होता. शिवाय १७६४ ते १७७३ या दहा वर्षांत ब्रिटिश सरकार आपले कर वारंवार घटवीत किंवा मागे घेत आलेले दिसते. मळीवरचा कर निम्मा केला गेला, स्टँपचा कर वर्षभरात रद्द झाला, पुढे पाच वस्तूंवर कर बसविले त्यांपैकी चार वस्तूंवरील उठविले गेले आणि सरतेशेवटी चहा तर स्वस्तच करण्यात आला. आणि भडका उडाला तो या स्वस्त चहावरून !

असे का व्हावे ? वसाहतवाल्यांची तक्रार कराच्या रकमेबद्दल फारशी नव्हती. कर कोण बसवितो, तो कोण वसूल करतो आणि त्या पैशातून कोणाचा पगार दिला जातो, या तीन प्रश्नांभोवती सारा झगडा फिरत होता. हे ध्यानात घेतले की त्या दहा वर्षांतील घटनांची संगती लागते.

युद्धाचे देणे

१७५६ ते १७६३ या काळात इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात जे सप्तवार्षिक युद्ध झाले, ते युरोपात, अमेरिकेत, समुद्रावर आणि आपल्या हिंदुस्थानातही लढले गेले. इंग्लंड विजयी झाले. कॅनडा हाती आला, हिंदुस्थानातील फ्रेंचांचे बळ मोडले. परंतु विजयाचे मोल मोठे होते. युद्धापूर्वी सव्वासात कोटी पौंडांच्या आसपास असलेले राष्ट्रीय कर्ज युद्धाअखेर सव्वाबारा कोटींच्या वर गेले. त्याच्या व्याजापोटीच वर्षाला चाळीस लाख पौंडांहून अधिक रक्कम लागू लागली. त्यातच अमेरिकेत सुमारे दहा हजार सैनिकांची कायम फौज ठेवावी, असे लंडनने ठरविले.

हा खर्च इंग्रज करदात्यावर टाकणे सोपे नव्हते. १७६३ मध्ये सफरचंदाच्या मद्यावर, म्हणजे सायडरवर, कर बसविला गेला तेव्हा इंग्लंडच्या पश्चिमेकडील परगण्यांत दंगली उसळल्या होत्या. तेव्हा प्रधानमंत्री जॉर्ज ग्रेनव्हिल यांनी अमेरिकेकडे नजर वळविली. अमेरिकेच्या रक्षणार्थ ठेवलेल्या फौजेच्या खर्चातील काही वाटा अमेरिकेने उचलावा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. ते अन्यायाचे होते असे म्हणता येत नाही. हिशेबी माणसाला ते पटण्यासारखेच होते.

परंतु अटलांटिकच्या पलीकडून हे चित्र निराळे दिसत होते. ज्या फ्रेंचांपासून रक्षण करावयाचे ते तर कॅनडातून निघून गेले होते. मग ही फौज कशासाठी? शिवाय ऑक्टोबर १७६३ च्या राजघोषणेने अपलेशियन पर्वतापलीकडे वसाहत करण्यास मनाई केली होती. युद्ध जिंकून मिळविलेल्या जमिनीवर पाय ठेवता येत नाही आणि न मागितलेल्या फौजेचा खर्च मात्र द्यावा लागतो, अशी भावना बळावली. त्यातच युद्धकाळातील तेजी ओसरून व्यापारात मंदी आली होती. ग्रेनव्हिल यांच्या हिशेबात यांतले काहीच नव्हते.

मळीची कथा

साखर काढून घेतल्यावर उरणारी मळी ही त्या काळी न्यू इंग्लंडच्या व्यापाराचा कणा होती. वेस्ट इंडीजच्या बेटांवरून ती पिंपांत भरून येई आणि बॉस्टन, न्यूपोर्ट येथील भट्ट्यांत तिची रम होई. फ्रेंच बेटांवरील मळी स्वस्त पडे. म्हणून ब्रिटिश बेटांवरील मळेवाल्यांचे हित राखण्यासाठी पार्लमेंटने १७३३ मध्येच परदेशी मळीवर दर गॅलनला सहा पेन्स कर बसविला होता. हा कर जर खरोखरच वसूल झाला असता तर रमचा धंदा बुडालाच असता. पण तो वसूल होत नव्हता. जकात अधिकाऱ्याच्या हातावर थोडेफार ठेवले की पिंपे उतरविली जात. काही अधिकारी तर नेमणूक अमेरिकेत असून राहत इंग्लंडमध्ये. तीस वर्षे हा व्यवहार असाच चालला होता आणि कोणालाही त्यात वावगे वाटत नव्हते.

१७६४ च्या साखर कायद्याने हा कर सहाचा तीन पेन्स केला. कागदावर ही सूट होती. प्रत्यक्षात मात्र तो आता वसूल केला जाणार होता. आरमाराची जहाजे किनाऱ्यावर गस्त घालू लागली. मालाची कागदपत्रे किचकट झाली; त्यांत चूक सापडली तरी जहाज जप्त होऊ लागले. जप्त मालात अधिकाऱ्यांना वाटा मिळे, तेव्हा चुका शोधण्याचा उत्साहही वाढला. सर्वांत बोचणारी गोष्ट अशी की असे खटले नोव्हा स्कोशियातील हॅलिफॅक्स येथे नव्याने स्थापलेल्या आरमारी न्यायालयात चालविण्याची तरतूद झाली. तेथे ज्यूरी नव्हती. गावातल्या ज्यूरीने गावातल्या व्यापाऱ्याला दोषी ठरविले नसते हे उघड आहे, आणि सरकारची अडचणही खरी होती. तथापि ज्यूरीपुढे न्याय मागणे हा इंग्रज माणूस आपला जन्मसिद्ध हक्क मानीत असे, आणि वसाहतवाले स्वतःला इंग्रजच समजत होते. कर निम्मा झाला, पण त्याच्या पाठोपाठ एक परके न्यायालय आले.

येथे एक गोष्ट नमूद करणे अगत्याचे आहे. १७६६ मध्ये हा कर आणखी उतरवून सर्वच मळीवर, मग ती परदेशी असो वा ब्रिटिश बेटांवरची, गॅलनला अवघी एक पेनी ठेवण्यात आला. अमेरिकेतील सर्व करांत याच कराचे उत्पन्न सर्वाधिक झाले आणि लोकांनी तो फारशी कुरकुर न करता भरला. वास्तविक तोही त्यांच्या संमतीवाचूनच बसविलेला होता. म्हणजे तत्त्वनिष्ठा दरवेळी सारखीच प्रखर नव्हती. बंदरातल्या गोदामात चुकता होणारा आणि मालाच्या किमतीत मिसळून जाणारा कर माणूस विसरतो. डोळ्यांसमोर छाप मारून घेतला जाणारा कर तो विसरत नाही. पुढील प्रकरणात नेमके हेच घडले.

स्टँपचा कागद

२२ मार्च १७६५ रोजी स्टँप कायदा मंजूर झाला. १ नोव्हेंबरपासून तो अंमलात यावयाचा होता. दस्तऐवज, परवाने, जहाजांची कागदपत्रे, वर्तमानपत्रे, पंचांगे, पदवीपत्रे, एवढेच नव्हे तर खेळण्याचे पत्ते आणि फासे या सर्वांवर स्टँप आवश्यक झाला. पत्त्यांच्या जोडावर एक शिलिंग, फाशांच्या जोडीवर दहा शिलिंग. वर्तमानपत्राच्या अर्ध्या तावाला अर्धी पेनी आणि त्यातील प्रत्येक जाहिरातीला दोन शिलिंग. इंग्लंडमध्ये असा कर १६९४ पासून चालू होता, तेव्हा त्यात गैर काय आहे हे लंडनला कळेना. वर्षाकाठी साठ हजार पौंड मिळावेत अशी अपेक्षा होती.

कर बसविणाऱ्याने कोणाला दुखवू नये, असा प्रश्न विचारला तर त्याचे उत्तर या कायद्यात सापडते. वकील, मुद्रक, व्यापारी आणि खानावळीचे मालक हे चार वर्ग वसाहतीतील सर्वांत बोलके वर्ग. या कायद्याने चौघांनाही एकाच दिवशी शत्रू केले. आणि कर भरावयाचा तो इंग्रजी चलनाच्या भावाने. आदल्याच वर्षी वसाहतींना कायदेशीर चलन म्हणून कागदी नाणे काढण्यास बंदी झाली होती आणि चांदीची तर नेहमीच टंचाई असे.

मे १७६५ मध्ये व्हर्जिनियाच्या सभेत पॅट्रिक हेन्री या तरुण वकिलाने ठराव मांडले : व्हर्जिनियाच्या लोकांवर कर बसविण्याचा अधिकार त्यांनी निवडलेल्या सभेचा आहे. हे ठराव वर्तमानपत्रांतून पसरले. जे ठराव सभेने संमत केले नव्हते तेही संमत झाल्याप्रमाणे छापले गेले. १४ ऑगस्टला बॉस्टनमधील एका एल्मच्या झाडावर स्टँप-वितरक म्हणून नेमलेल्या अँड्र्यू ऑलिव्हर यांचा पुतळा टांगलेला आढळला. सायंकाळी जमावाने त्याची मिरवणूक काढून तो जाळला आणि ऑलिव्हर यांच्या घराची मोडतोड केली. दुसऱ्या दिवशी त्यांनी पद सोडण्याचे कबूल केले. २६ ऑगस्टच्या रात्री उपगव्हर्नर टॉमस हचिन्सन यांचे घर जमावाने अक्षरशः खिळखिळे करून टाकले. हचिन्सन यांनी वस्तुतः या कायद्याविरुद्ध लंडनला मत कळविले होते. पण जमावाला ते माहीत नव्हते आणि कदाचित ऐकूनही घ्यावयाचे नव्हते. ते मॅसॅच्युसेट्सचा इतिहास लिहीत होते. त्याची हस्तलिखित पाने त्या रात्री रस्त्यावरच्या चिखलात पडली. ती पुढे गोळा करून ग्रंथ पुरा करण्यात आला.

स्वतः बेंजामिन फ्रँकलिन यांचाही अंदाज चुकला. ते त्या वेळी लंडनमध्ये होते. कायदा होणारच, तर निदान कारभार आपल्या माणसाकडे असावा, म्हणून त्यांनी पेनसिल्व्हेनियातील वितरकाच्या जागेसाठी आपल्या मित्राचे नाव सुचविले. त्याचा परिणाम असा की फिलाडेल्फियात त्यांच्याच घरावर जमाव चालून येण्याची वेळ आली आणि त्यांच्या पत्नी डेबोरा घर सोडून जाण्यास नकार देऊन ठाम राहिल्या.

ऑक्टोबरमध्ये नऊ वसाहतींचे सत्तावीस प्रतिनिधी न्यूयॉर्क येथे जमले. एकमेकांच्या सीमांवरून भांडणाऱ्या या वसाहती आपण होऊन एकत्र बसण्याचा हा अपूर्व प्रसंग होता. राजनिष्ठा व्यक्त करूनच त्यांनी सांगितले, की इंग्रज प्रजेवर तिच्या प्रतिनिधींच्या संमतीवाचून कर बसविता येत नाही. इंग्लंडमधून याला उत्तर मिळाले ते असे : मँचेस्टर, बर्मिंगहॅमसारखी मोठी शहरेही पार्लमेंटवर प्रतिनिधी पाठवीत नाहीत, प्रत्येक सभासद साऱ्या साम्राज्याचाच प्रतिनिधी असतो. वसाहतवाल्यांना हा युक्तिवाद पटला नाही. गंमत अशी की पार्लमेंटमध्ये जागाही त्यांना नको होत्या. इतक्या दूरवरून खरे प्रतिनिधित्व होणे शक्य नाही, असे न्यूयॉर्कच्या त्या सभेने स्पष्टच नोंदविले. थोडक्यात, कराला संमती देण्याचा अधिकार आपापल्या सभेकडेच हवा, ही त्यांची मागणी होती.

१ नोव्हेंबर उजाडला तेव्हा स्टँप विकण्यास जवळजवळ कोणीच शिल्लक नव्हते. तेरा वसाहतींपैकी केवळ जॉर्जियात थोडेसे स्टँप खपले. वर्तमानपत्रे स्टँपविना निघू लागली. व्यापाऱ्यांनी ब्रिटिश माल न मागविण्याच्या प्रतिज्ञा केल्या आणि या बहिष्काराची झळ लंडनच्या पेढ्यांना बसताच त्यांनीच पार्लमेंटकडे अर्ज केले. ग्रेनव्हिल यांचे मंत्रिमंडळ जुलैतच गडगडले होते. १८ मार्च १७६६ रोजी कायदा रद्द झाला आणि अमेरिकेत दिवाळी साजरी व्हावी तसा आनंद झाला. त्याच दिवशी संमत झालेल्या दुसऱ्या कायद्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. वसाहतींना सर्व बाबतींत बांधून घेणारे कायदे करण्याचा अधिकार पार्लमेंटला आहे, अशी घोषणा त्यात होती.

पाच वस्तू आणि एक मत

१७६७ मध्ये अर्थमंत्री चार्ल्स टाउनशेंड यांनी काच, शिसे, रंग, कागद आणि चहा या पाच आयात वस्तूंवर कर बसविले. वसाहतवाल्यांचा विरोध देशांतर्गत करांना आहे, बंदरावरच्या जकातीला नाही, असा त्यांचा समज होता. स्वतः फ्रँकलिन यांनी पार्लमेंटपुढील साक्षीत तसा फरक केला होता. अपेक्षित उत्पन्न चाळीस हजार पौंडांचे, म्हणजे साम्राज्याच्या दृष्टीने चिल्लर. खरी मेख पुढे होती. या पैशातून वसाहतींतील गव्हर्नर व न्यायाधीश यांचे पगार देण्याची योजना होती.

याचा अर्थ समजण्यासाठी वसाहतींचा कारभार कसा चाले ते पाहिले पाहिजे. बहुतेक ठिकाणी गव्हर्नर राजाने नेमलेला, पण त्याचा पगार स्थानिक सभेने मंजूर केलेला. गव्हर्नरने सभेशी फारच वाकडे घेतले तर सभा पगार अडवू शके. नोकरशाहीला लगाम घालण्याचे तेवढे एकच साधन लोकांच्या हाती होते. टाउनशेंड यांच्या कराने हा लगाम काढून घेतला जाणार होता, आणि तोही लोकांच्याच पैशाने. पेनसिल्व्हेनियातील वकील जॉन डिकिन्सन यांनी एका शेतकऱ्याच्या नावाने वर्तमानपत्रांतून बारा पत्रे लिहून हा मुद्दा सोप्या भाषेत मांडला. जकात कोठे घेतली जाते हे महत्त्वाचे नाही. ती व्यापार नियमित करण्यासाठी आहे की पैसा उभारण्यासाठी, हे पाहा, असे त्यांनी सांगितले. ही पत्रे बहुतेक सर्व वसाहतींत पुन्हा छापली गेली.

पुन्हा बहिष्कार सुरू झाला. या वेळी तो घराघरांत शिरला. स्त्रिया एकत्र बसून सूत कातू लागल्या. घरच्या जाड्याभरड्या कापडाला प्रतिष्ठा आली. हार्वर्ड महाविद्यालयाच्या १७६८ च्या तुकडीने देशी कापडाचे कपडे घालून पदव्या घेतल्या. आपल्याकडील वाचकाला यात स्वदेशीची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. ब्रिटनहून वसाहतींत होणारी आयात १७६८ मधील सुमारे साडेएकवीस लाख पौंडांवरून पुढील वर्षी साडेतेरा लाखांच्या आत आली. बॉस्टनमध्ये जकात अधिकाऱ्यांवर हल्ले होऊ लागले, तेव्हा १ ऑक्टोबर १७६८ रोजी तेथे लष्कर उतरविण्यात आले.

कर परवडत नाही हे आता लंडनलाही कळून चुकले होते. टाउनशेंड तर कर बसविल्यानंतर काही महिन्यांतच, सप्टेंबर १७६७ मध्ये मरण पावले होते. १ मे १७६९ रोजी मंत्रिमंडळापुढे प्रश्न आला : सारे कर उठवावेत, की पार्लमेंटच्या अधिकाराची खूण म्हणून एक ठेवावा ? पाच विरुद्ध चार अशा मतांनी चहावरचा कर ठेवण्याचे ठरले. दर रत्तलाला तीन पेन्स. एका मताने हा निर्णय झाला. उरलेले कर उठविण्याचा प्रस्ताव नवे प्रधानमंत्री लॉर्ड नॉर्थ यांनी ५ मार्च १७७० रोजी कॉमन्स सभेत मांडला. त्याच दिवशी रात्री बॉस्टनमध्ये सैनिकांनी जमावावर गोळीबार केला आणि त्यात पाच जणांचा अंत झाला. एकाची बातमी दुसऱ्याकडे पोहोचण्यास त्या काळी महिनाभराहून अधिक लागे.

त्यानंतर तीन वर्षे बरीचशी शांततेत गेली. बहिष्कार विरला. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियात डच व्यापाऱ्यांकडून चोरटा चहा येई; बॉस्टनमध्ये मात्र कर भरलेला चहाही पुष्कळ येत होता आणि लोक तो पीत होते. हा प्रश्न येथेच मिटला असता, असे मानण्यास जागा आहे.

कंपनीचा चहा

तो मिटला नाही याचे कारण हिंदुस्थानात शोधावे लागते. ज्या १७६५ साली स्टँप कायदा झाला त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, अलाहाबाद येथे मोगल बादशहाने ईस्ट इंडिया कंपनीला बंगाल, बिहार व ओरिसाची दिवाणी, म्हणजे महसूल वसुलीचा अधिकार दिला. एका खंडात कर वसूल करण्याचा ब्रिटिशांचा प्रयत्न फसत असताना दुसऱ्या खंडात असा अधिकार त्यांच्या हाती आयता पडला. या उत्पन्नाच्या आशेने कंपनीच्या भागांचे भाव चढले आणि ब्रिटिश सरकारने १७६७ पासून तिच्याकडून वर्षाला चार लाख पौंड घेण्यास सुरुवात केली. १७७० च्या भीषण दुष्काळात बंगालमध्ये लक्षावधी माणसे मेली. पण वसुलीची सक्ती सुटली नाही. फौजेचा खर्च, अधिकाऱ्यांची लूट आणि लंडनमधील आर्थिक अरिष्ट यांमुळे १७७२ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या काठावर आली. तिच्या लंडनच्या गोदामांत पावणेदोन कोटी रत्तलांच्या आसपास चहा पडून होता. (हा चहा चीनचा. आसामचे मळे पुढे साठ वर्षांनी आले. बॉस्टनच्या बंदरात हिंदुस्थानचा चहा बुडाला हा समज चुकीचा आहे.)

कंपनीला वाचविण्यासाठी पार्लमेंटने १७७३ मध्ये तिला चौदा लाख पौंडांचे कर्ज दिले, रेग्युलेटिंग कायद्याने तिच्या कारभारावर देखरेख आणली आणि चहाच्या कायद्याने तिला अमेरिकेत थेट माल विकण्याची मुभा दिली. इंग्लंडमधील जकात परत मिळणार, मधले दलाल जाणार. त्यामुळे हा चहा चोरट्या चहाशीही स्पर्धा करू शकेल इतका स्वस्त होणार होता. फक्त तीन पेन्सांचा कर तेवढा राहणार होता. तो काढावा, असे पार्लमेंटमध्ये काही सभासदांनी सुचविले. लॉर्ड नॉर्थ बधले नाहीत. त्यांचा समज असा की स्वस्त वस्तूला कोणी नको म्हणत नाही.

वसाहतवाल्यांनी यात सापळा पाहिला. स्वस्त चहाच्या पेल्याबरोबर कर बसविण्याचा पार्लमेंटचा अधिकारही आपण गिळणार, ही एक धास्ती. दुसरी धास्ती मक्तेदारीची. आज चहा, उद्या अन्य काही. कंपनीने बंगालमध्ये काय केले याची वार्ता तेथपर्यंत पोहोचली होती. आशियात जिने प्रजेचे असे हाल केले ती कंपनी आता आपल्याकडे वळली आहे, असा मजकूर त्या वर्षीच्या अमेरिकन पत्रकांतून आढळतो. चोरट्या व्यापाऱ्यांचा धंदा बुडणार होता हेही खरे, आणि त्यांनी आगीत तेल ओतले हेही खरे. परंतु केवळ तेवढ्याने सामान्य माणूस बंदरावर आला नसता.

न्यूयॉर्क व फिलाडेल्फियाकडे निघालेली जहाजे मालासह परत पाठविली गेली. चार्ल्सटनमध्ये चहा उतरवून तळघरात कुलूपबंद केला गेला. बॉस्टनमध्ये मात्र गव्हर्नर होते तेच हचिन्सन, ज्यांचे घर आठ वर्षांपूर्वी उद्ध्वस्त झाले होते. त्यांचा पगार आता चहाच्या करातूनच येत होता आणि चहाच्या अडत्यांत त्यांचे दोन मुलगे होते. जकात भरल्याविना जहाज परत सोडण्यास त्यांनी नकार दिला. ‘डार्टमथ’ जहाजाला जकात भरण्याची वीस दिवसांची मुदत १७ डिसेंबरला संपत होती. ती टळली की अधिकारी माल जप्त करून उतरविणार होते. १६ तारखेला ओल्ड साउथ सभागृहात हजारो लोक जमले. गव्हर्नरचा शेवटचा नकार संध्याकाळी येऊन थडकला आणि मोहॉक लोकांचा वेष घेतलेल्या टोळ्या धक्क्याकडे निघाल्या. तीन तासांत तीन जहाजांवरील तीनशे बेचाळीस पेट्या फोडून चहा समुद्रात ओतण्यात आला. त्याची किंमत ९,६५९ पौंड झाली. बाकी कशाला धक्का लावला गेला नाही.

येथून पुढे कराचा प्रश्न मागे पडला. पार्लमेंटने १ जून १७७४ पासून बॉस्टन बंदर बंद केले आणि मॅसॅच्युसेट्सची सनद बदलून लोकांच्या सभेचे अधिकार छाटले. एका गावाच्या अपराधासाठी साऱ्या प्रांताला शिक्षा झाली, तेव्हा आतापर्यंत काठावर असलेल्या वसाहतीही हलल्या. सप्टेंबरमध्ये बारा वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियात जमले. १९ एप्रिल १७७५ रोजी लेक्सिंग्टन येथे गोळ्या सुटल्या. ४ जुलै १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात राजाविरुद्ध तक्रारींची लांबलचक यादी आहे. तीत संमतीविना कर बसविल्याची तक्रार एका ओळीत आटोपली आहे. सभा बरखास्त करणे, न्यायाधीशांना पगारासाठी मिंधे ठेवणे, ज्यूरी नाकारणे, फौजा ठेवणे या तक्रारींना तेथे अधिक जागा मिळाली.

या लढ्याची एक बाजू झाकून ठेवता येत नाही. संमतीचा हा हक्क मागणाऱ्या वसाहतींत दर पाच माणसांपैकी सुमारे एक गुलाम होता, आणि त्याच्या संमतीचा प्रश्न जाहीरनाम्याने सोडविला नाही. जानेवारी १७७६ मध्ये ‘कॉमन सेन्स’ ही पुस्तिका लिहून स्वातंत्र्याची मागणी उघडपणे करणारे टॉमस पेन हे स्वतः इंग्लंडमध्ये अबकारी खात्यात नोकरीला होते आणि बडतर्फ होऊन अमेरिकेत आले होते. त्यांच्या ‘मानवाचे हक्क’ या पुढील ग्रंथाचा महात्मा जोतीराव फुले यांच्यावर मोठा प्रभाव पडला. गुलामांची मुक्तता करण्याच्या कार्याबद्दल जोतीरावांनी १८७३ मध्ये आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील सत्पुरुषांना अर्पण केला, तेव्हा स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला जवळजवळ शंभर वर्षे होत आली होती.

महाराष्ट्रालाही या घडामोडींचा अप्रत्यक्ष स्पर्श झाला. चहाच्या कायद्याबरोबरच आलेल्या रेग्युलेटिंग कायद्याने मुंबई सरकारला युद्ध व तह यांच्या बाबतीत कलकत्त्याच्या ताब्यात दिले. मुंबईकरांनी मार्च १७७५ मध्ये राघोबादादांशी सुरतेचा तह केला तो कलकत्त्याने मान्य केला नाही आणि पुढच्या वर्षी पुरंदरचा तह झाला. लेक्सिंग्टनची लढाई आणि मराठ्यांशी इंग्रजांचे पहिले युद्ध ही एकाच काळातली आहेत. १७७९ च्या जानेवारीत वडगावला मुंबईच्या फौजेने शरणागतीचा तह केला, तेव्हा इंग्लंड अमेरिकेत अडकून पडले होते आणि फ्रान्सही त्याविरुद्ध युद्धात उतरला होता. १७८१ मध्ये यॉर्कटाउनला वॉशिंग्टनपुढे शरण गेलेले लॉर्ड कॉर्नवॉलिस पाचच वर्षांनी गव्हर्नर जनरल म्हणून कलकत्त्यास आले. बंगालच्या सारावसुलीची कायमधाऱ्याची पद्धत १७९३ मध्ये त्यांनीच घालून दिली. ती घालताना कोणत्याही लोकसभेची संमती घेण्याचा प्रश्न उद्भवला नाही.

पार्लमेंटने १७७८ मध्ये कायदा करून वसाहतींवर महसुलासाठी कर बसविण्याचा हक्क सोडून दिला. बारा वर्षांपूर्वी हे झाले असते तर कदाचित युद्ध टळले असते. आता वसाहतींना कर नको होता एवढेच नव्हे, पार्लमेंटच नको होते.

स्वतंत्र झालेल्या अमेरिकेलाही युद्धाचे कर्ज फेडावयाचे होते. अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी १७९१ मध्ये व्हिस्कीवर कर बसविला. पश्चिम पेनसिल्व्हेनियाच्या शेतकऱ्यांना तो जाचला. डोंगरापलीकडे धान्य वाहून नेण्यापेक्षा त्याची दारू नेणे त्यांना परवडे, आणि रोकड त्यांच्याजवळ नसे. त्यांनी जुन्याच पद्धतीने वसुली अधिकाऱ्यांना डांबर फासले, स्वातंत्र्याचे खांब उभारले आणि जुलै १७९४ मध्ये तेथील प्रमुख अधिकाऱ्याचे घर जाळले. राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन सुमारे तेरा हजार सैनिक जमवून स्वतः घोड्यावरून निघाले. फौज येताच बंड विरघळले. राजद्रोहाबद्दल दोघांना फाशीची शिक्षा झाली. दोघांनाही वॉशिंग्टन यांनी माफी दिली. हा कर १८०२ मध्ये, जेफर्सन यांच्या पक्षाला निवडणुकीत बहुमत मिळाल्यानंतर, काँग्रेसने रद्द केला.